मदत हवी आहे : तरंगत्या पवनचक्कीच्या मुरिंग साखळीतील हळूहळू वाढणारा दोष कसा ओळखावा?

नमस्कार.

समुद्रात तरंगणाऱ्या पवनचक्कीच्या मुरिंग साखळ्यांमधील, म्हणजे प्लॅटफॉर्मला समुद्रतळाशी बांधून ठेवणाऱ्या साखळ्यांमधील, दोष केवळ प्लॅटफॉर्मच्या हालचालींवरून ओळखता येतील का, या प्रश्नावर मी काम करत आहे. ओपनफास्ट (पवनचक्कीचे सिम्युलेशन करणारी प्रणाली) आणि मूरडाइन (साखळ्यांचे गणित करणारी प्रणाली) वापरून ओसी४ या संशोधन प्रकल्पातील अर्धनिमग्न प्लॅटफॉर्म, त्यावर एनआरईएल या अमेरिकी ऊर्जा प्रयोगशाळेची ५ मेगावॅटची संदर्भ टर्बाइन, २०० मीटर खोल पाणी आणि १२० अंशांच्या अंतराने पसरलेल्या तीन झोळदार (स्वतःच्या वजनाने खाली लोंबणाऱ्या) साखळ्या अशी मांडणी घेतली आहे. साखळीवर लोडसेल (ताण मोजणारा संवेदक) बसवणे हा सरळ मार्ग खरा, पण खाऱ्या पाण्यात साखळीच्या आधी लोडसेलच दगा देण्याची भीती असते. म्हणून जीपीएस, प्रवेगमापक आणि टर्बाइनच्या नियंत्रकातील नोंदी एवढ्यावरच भागवायचे आहे.

साखळी तुटली तर प्लॅटफॉर्म नवा समतोल शोधत दूर सरकतो आणि ते लगेच कळते. अडचण आहे ती त्याआधीच्या अवस्थेची. दोष दाखवण्यासाठी साखळीची अक्षीय ताठरता (लांबीच्या दिशेने ताणले जाण्याला होणारा विरोध) २० टक्क्यांनी कमी केली, तरी सर्ज हालचालीत (प्लॅटफॉर्मच्या पुढे-मागे सरकण्यात) जवळजवळ काहीच फरक पडत नाही. कारण झोळदार साखळी प्लॅटफॉर्मला मागे खेचते ती मुख्यतः स्वतःच्या वजनामुळे आणि तळावरून उचलल्या जाणाऱ्या लांबीमुळे. नेहमीच्या हवामानात पोलाद ताणले जाण्याचा वाटा नगण्य असतो. उलट, गंजून कडीचा व्यास १० टक्क्यांनी घटला तर दर मीटरचे वजन १९ टक्क्यांनी घटते आणि हा परिणाम दिसायला हवा. मात्र साखळीच्या वरच्या भागावर शिंपले आणि शेवाळ चढले की वजनात थोडी भर पडते, म्हणजे एक बिघाड दुसऱ्याला काही प्रमाणात झाकतो.

त्यात सर्जचा नैसर्गिक आवर्तकाल सुमारे ११० सेकंद आहे. दहा मिनिटांच्या नोंदीत जेमतेम पाच-सहा आवर्तने बसतात आणि स्पेक्ट्रममधील (हालचालीच्या वारंवारतानिहाय आलेखातील) दोन रेषांतील अंतर मूळ वारंवारतेच्या सुमारे १८ टक्के भरते. तासाभराची नोंद घेतली तर ते ३ टक्क्यांवर येते, पण तेवढा वेळ वारा सारखा राहील याची खात्री कोण देणार?

माझे प्रश्न असे : गंज आणि झीज मॉडेलमध्ये नेमकी कशी उतरवावी? आवर्तकालापेक्षा भरवशाचे दुसरे लक्षण कोणते? आणि दोष ओळखण्यासाठी वापरायच्या ऑटोएन्कोडरची (नेहमीच्या नोंदी शिकून त्यांपेक्षा वेगळे काही दिसले की ते दाखवणाऱ्या मशीन लर्निंग मॉडेलची) चाचणी कशी घ्यावी, म्हणजे मिळालेल्या अचूकतेवर विश्वास ठेवता येईल?

प्रतिसाद

आपले निदान योग्य वाटते. ताठरता एकटी बदलू नका. व्यास घटवून वजन, ताठरता आणि पाण्याचा रोध (ड्रॅग) हे तिन्ही एकत्र बदलू द्या. झीज मात्र संपूर्ण साखळीवर सारखी पसरवू नये. साखळी जिथे तळाला टेकते त्या पट्ट्यात ती वेगळी दाखवावी. एवढ्याशा भागाने एकूण वजन फारसे हलत नाही, त्यामुळे तो दोष हालचालींत न दिसण्याचीच शक्यता जास्त. तेथे पाण्याखालील तपासणीला पर्याय मला तरी दिसत नाही.

आवर्तकालाऐवजी प्लॅटफॉर्मचे सरासरी विस्थापन पाहावे. रोटरची गती, पात्यांचा कोन आणि वीजनिर्मिती यांवरून वाऱ्याचा रेटा काढता येतो. त्या रेट्याला प्लॅटफॉर्म किती सरकायला हवा होता आणि प्रत्यक्षात किती सरकला, यातील फरक दीर्घकाळ साठवत जावा. हा फरक वाऱ्याच्या दिशेनुसार वेगवेगळा ठेवणे अत्यावश्यक आहे, कारण वाऱ्याच्या आडोशाला सैल पडलेल्या साखळीतील दोष वारा फिरेपर्यंत फारसा उमटत नाही. भरती-ओहोटीने खोली बदलते, तीही हिशेबात धरावी.

चाचणीसाठी एकाच सिम्युलेशनचे तुकडे प्रशिक्षण आणि चाचणी अशा दोन्हीकडे वाटू नयेत. काही वारा-लाटांच्या दिशा प्रशिक्षणातून पूर्ण वगळाव्यात आणि निरोगी साखळीवर खोटे इशारे किती येतात ते आधी मोजावे. आपल्या मॉडेलमध्ये समुद्राच्या पाण्याचा प्रवाह धरला आहे का, ते कळवाल का? त्याचा रेटा टर्बाइनच्या नोंदींत दिसत नाही आणि विस्थापनाचा हिशेब त्यानेच बिघडतो.