मदत हवी आहे: सगळं 'झिरो कॅलरी' करूनही वजन वाढतंय, असं होऊ शकतं का?

निशिगंध:

नमस्कार मंडळी. वय ४४, उंची ५ फूट २ इंच, राहायला चिंचवडला. नोकरी अकाउंट्सची, म्हणजे दिवसभर खुर्चीवर. फेब्रुवारीत ऑफिसच्या तपासणीत एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची रक्तातली सरासरी साखर, ५.९ आलं, मधुमेहाच्या अगदी उंबरठ्यावर. आईला मधुमेह होता. तिच्या पायाची जखम सात महिने भरली नव्हती, रोज संध्याकाळी ड्रेसिंग मीच करायचे. त्यामुळे रिपोर्ट हातात आला त्याच दिवशी साखरेचा डबा माळ्यावर टाकला. मला त्या वाटेने जायचं नाही.

तेव्हापासून चहात स्वीटनरची गोळी. दुपारी डब्याबरोबर ताक असायचं, ते बंद करून झिरो कोलाचा कॅन. चार वाजता मूठभर डाएट चिवडा किंवा शुगर-फ्री बिस्किटं. गणपतीत पेढेसुद्धा शुगर-फ्री आणले. भात निम्मा केलाय, रोज ४० मिनिटं चालते.

फेब्रुवारीत वजन ६८.४ होतं. काल ७१.९. काटा तोच, वेळ तीच, सकाळी अनशापोटी.

वन्सं म्हणतात, "त्या गोळ्यांनीच अंग धरतं, मी वाचलंय." जिममधला मुलगा म्हणतो, ज्यात कॅलरीच नाही त्याने वजन वाढूच शकत नाही. दोघांचं ऐकून डोकं भणभणलंय. गोळ्यांनी वाढत नसेल तर हे साडेतीन किलो आले कुठून? आणि वाढत असेल तर मी आठ महिने काय करत होते? कृपया कुणाला नीट माहिती असेल तर सांगा.

गवतीचहा:

निशिगंधताई, आधी धीर धरा. ५.९ ला वेळीच जागं होणं ही मोठी गोष्ट आहे.

उत्तर देण्याआधी काही विचारतो. चहा दिवसाला किती कप? पूर्वी किती होते? दूध कुठलं? 'मूठभर' चिवडा कधी काट्यावर ठेवून पाहिलाय का? बिस्किटाच्या पुड्याची मागची बाजू वाचलीत का?

हे यासाठी विचारतो की 'शुगर-फ्री' आणि 'कॅलरी-फ्री' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुकानात त्या एकाच फळीवर मांडलेल्या असतात. आपल्याकडच्या नियमानुसार १०० ग्रॅममध्ये साखर अर्ध्या ग्रॅमच्या वर नसली की 'शुगर-फ्री' लिहिता येतं. मैदा, तेल कितीही असो. 'कॅलरी-फ्री' हा दावा फक्त पेयांपुरता आहे, १०० मिलीत ४ किलोकॅलरीपर्यंत. तुमच्या यादीत त्या अर्थाने झिरो असलेली वस्तू एकच, तो कोला. गोळीतही धरण्यासारखं काही नाही. 'डाएट' हा शब्द तर चिवड्याच्या पाकिटावर कोणीही छापतो.

शुगर-फ्री मिठाईत साखरेऐवजी बऱ्याचदा माल्टिटॉल नावाचा गोड पदार्थ असतो. साखरेत ग्रॅमला ४ कॅलरी, यात साधारण २. निम्म्या, शून्य नव्हे. आणि पेढ्यातला खवा खवाच राहतो.

दुसरं म्हणजे टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, कधी केलीत? चाळिशीनंतर बायकांमध्ये थायरॉइड आणि पाळीतले बदल हे दोन्ही तपासायलाच हवेत. ते मागे ठेवून चिवड्याच्या मागे लागू नका.

सूक्ष्मदर्शी:

तुमच्या वन्सं अगदीच चुकीचं बोलत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये सांगितलं की वजन आटोक्यात ठेवण्यासाठी बिनसाखरेचे स्वीटनर वापरू नका. बहुधा हीच बातमी त्यांनी वाचली असेल. पण ती शिफारस सशर्त आहे, म्हणजे त्यामागचा पुरावा पक्का नाही, आणि ज्यांना मधुमेह आधीच झालेला आहे त्यांना ती लागू नाही.

सशर्त का, ते समजून घ्या. हजारो माणसांवर वर्षानुवर्षं नजर ठेवली तर डाएट पेयं पिणाऱ्यांचं वजन जास्त निघतं. पण डाएट पेय हातात घेतं कोण? ज्याचं वजन वाढायला लागलंय तोच. डॉक्टरकडे गर्दी असते म्हणून डॉक्टरमुळे माणसं आजारी पडतात असं आपण म्हणत नाही.

खरी परीक्षा प्रयोगात होते. नेदरलँड्समध्ये ६४१ मुलांना दीड वर्ष रोज २५० मिली पेय दिलं, काहींना साखरेचं, काहींना बिनसाखरेचं. कोणाच्या डब्यात काय आहे हे मुलांना माहीत नव्हतं. निकाल २०१२ मध्ये आला: साखरवाल्या गटाचं वजन सरासरी ७.३७ किलो वाढलं, दुसऱ्याचं ६.३५. वाढत्या वयाची मुलं, त्यामुळे वजन दोघांचंही वाढणारच होतं. पण बिनसाखरेच्या पेयाने ते जास्त वाढलं नाही, कमीच वाढलं.

दुसरी बाजूही सांगतो. इस्राएलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमध्ये १२० जणांवर केलेला प्रयोग २०२२ मध्ये छापून आला. सॅकरिन आणि सुक्रालोज हे स्वीटनर दोन आठवडे घेतल्यावर ग्लुकोजला शरीराचा प्रतिसाद बदलला, आणि आतड्यातल्या जिवाणूंशी त्याचा संबंध दिसला. प्रत्येकात सारखा नाही. तो वजनाचा प्रयोग नव्हता, पण तुमचा एचबीए१सी काठावर आहे म्हणून लक्षात असू द्या.

माझं मत: गोळी स्वतः साडेतीन किलो चढवत नाही. गोळी घेतल्यावर आपण पुढे काय खातो ते चढवतं.

पारिजात_न्यूजर्सी:

इथला अनुभव सांगते. अमेरिकेत एका सर्व्हिंगमध्ये ५ पेक्षा कमी कॅलरी असतील तर लेबलवर शून्य लिहायची मुभा आहे. मी तीन वर्षं फोडणीला तेलाचा स्प्रे वापरत होते. डब्यावर मोठ्ठं ० कॅलरी. एकदा सर्व्हिंग वाचलं, तर पाव सेकंदाचा फवारा! मी कढईत मोहरी तडतडेल इतकं मारायचे, म्हणजे पाच-सहा सेकंद. आत साधं तेलच, ग्रॅमला ९ कॅलरी. स्वीटनरच्या पुड्यांचंही तसंच. एक ग्रॅमच्या पुडीत सुक्रालोज चिमूटभरही नसतं, कारण ते साखरेच्या ६०० पट गोड आहे. उरलेली भर डेक्स्ट्रोज-माल्टोडेक्स्ट्रिनची, म्हणजे साखर-स्टार्चच्याच जातीच्या पावडरीची. पुडीला तीन-चार कॅलरी पडतात. एका पुडीने काही होत नाही, पण मी सोलकढीतसुद्धा दोन-दोन टाकायचे.

भारतातली गोळी वेगळी, तिथे हा प्रश्न नाही. फक्त 'एका सर्व्हिंगमध्ये' हे शब्द दिसले की थांबा आणि सर्व्हिंग केवढं ते बघा.

निशिगंध:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रविवार होता. नवऱ्याकडून पोस्टाची पाकिटं तोलायचा छोटा काटा मागून घेतला आणि ओट्यावर बसवला.

पहिला चिवडा. रोज घेते तसा, न बघता, त्याच स्टीलच्या वाटीत काढला. ७० ग्रॅम. पाकिटावर १०० ग्रॅमला ४६० कॅलरी लिहिलंय, म्हणजे माझी मूठ ३२० च्या वर गेली. वाटी रिकामी केल्यावर तळाला हात लावला तर बोटं तेलाने चकचकली. दाणे आणि खोबऱ्याचे काप मी आवडीने वरून जास्त घेते, तेही आत्ताच ध्यानात आलं.

मग चहा. गवतीचहा, तुमच्या प्रश्नानंतरच मोजला. पूर्वी तीन कप, प्रत्येकी दीड चमचा साखर. म्हणजे २२-२३ ग्रॅम, ९० कॅलरी. त्या मी खरोखर वाचवल्या. पण आता कप पाच झालेत. साखर नाही ना, मग घेऊ अजून एक, असं नकळत होत गेलं. आमच्याकडे फुल क्रीम दूध, पिशवीवर १०० मिलीला ८७ कॅलरी. माझ्या चहात ७५ मिली दूध जातं, तेही मापाने पाहिलं. वाढलेल्या दोन कपांच्या १३०. साखर सोडून वाचवल्या ९०, दुधातून आल्या १३०. ओट्याशी उभं राहून हे कागदावर मांडलं तेव्हा गळा दाटून आला. आठ महिने मी इतक्या निष्ठेने गोळी टाकत होते.

बिस्किटाच्या पुड्यावर पहिला शब्द गव्हाचं पीठ नव्हे, मैदा. दुसरा पाम तेल. तिसरा माल्टिटॉल.

आणि ताक. हे कोणी विचारलं नव्हतं, पण मला वाटतं इथेच गाडी घसरली. पेलाभर ताक पोटात असलं की मला पाच वाजेपर्यंत काही लागायचं नाही. कोल्याने तोंड गोड होतं, पोट नाही भरत. चार वाजताची ती भूक फेब्रुवारीच्या आधी मला आठवतच नाही. आज ताक परत सुरू केलं, साय काढलेल्या दह्याचं, जिरं घालून.

टीएसएच उद्या सकाळी द्यायचंय, डॉक्टरांची वेळ गुरुवारची. रिपोर्ट आला की इथेच लिहीन.

अजून एक मदत हवी आहे. चहा तीन कपांवर आणणं जमेल, पण गोळी हळूहळू सोडायची म्हटलं तर बिनगोडाचा चहा घशाखाली उतरत नाही. ज्यांनी गोड चहा पूर्ण सोडलाय त्यांनी नेमकं कसं केलं? एकदम सोडला की गोळी अर्धी, पाव अशी कमी करत गेलात? आणि जीभ वळायला किती दिवस लागले?

गवतीचहा:

अर्धी-पाव करत गेलो, ताई. प्रत्येक पायरीला दोन आठवडे. आलं जरा जास्त ठेचून घालायचं आणि पहिले काही दिवस चहा एकट्याने प्यायचा, समोर कोणी गोड पीत बसलं की जमत नाही. मला दीड महिना लागला. टीएसएचचं नक्की कळवा.