भाचा म्हणतो फोर्ड घे, जर्मन नको. पांढरकवड्यात हा हिशोब चालतो का?

पऱ्हाटी
भाचा टेक्सासमध्ये आहे. त्याचं ठाम मत असं की अमेरिकन गाडी सांभाळायला स्वस्त आणि युरोपियन गाडी वॉरंटी संपली की मालकाला धुऊन काढते. स्वतः एक जर्मन गाडी विकून मोकळा झाला, त्यामुळे बोलतो पोटतिडकीनं.

इकडे माझं कृषी केंद्र आहे पांढरकवड्याले. घाटंजी, झरी जामणी, वणी असं फिरणं, महिन्यातून एक-दोनदा नागपूर. वर्षाला 15 हजार किलोमीटर धरा, म्हणून डिझेलच पाहून राहिलो. नागपुरात दोन गाड्या पाहिल्या. एक फोर्डची इकोस्पोर्ट 1.5 डिझेल, 2018 ची, साडेपाच लाख. दुसरी स्कोडाची, म्हणजे जर्मन फोक्सवॅगन गटाची, रॅपिड 1.5 डिझेल, तीही 2018 ची, पाच चाळीस. दोन्ही एका हातच्या, दोन्ही सत्तर-ऐंशी हजार चाललेल्या.

चार वर्षं वापरून विकणार. दुरुस्ती, पार्ट, विमा, विकताना मिळणारा भाव, सगळं धरून कोणती स्वस्त पडेल? बोलेरो घ्या हे मला माहीत आहे, ते सोडून सांगा.

डांबरी
बोलेरो घ्या.

वणी बायपास
भाच्याचं गणित तिकडे बरोबर, इकडे उलटं. तिकडे फोर्ड म्हणजे घरची गाडी. एफ-सिरीज पिकअप तिथं वर्षानुवर्षं सर्वात जास्त खपते, लहानशा गावातल्या दुकानातही तिचे पार्ट असतात. जर्मन गाड्या तिकडे मोठ्या लोकांच्या, डीलर मोजके, मजुरी तासावर. म्हणून त्याला महाग पडली.

आपल्याकडे काय झालं? जनरल मोटर्सनं 2017 च्या शेवटी शेवरलेट विकणं बंद केलं. फोर्डनं 9 सप्टेंबर 2021 ला इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं, साणंदचा कारखाना नंतर टाटांकडे गेला. स्कोडा-फोक्सवॅगन मात्र चाकणला आणि संभाजीनगरजवळ शेंद्र्याला आजही गाड्या बनवत आहे. घर बंद करून गेलेल्याची गाडी घ्यायची की घरात दिवा असलेल्याची? रॅपिड घ्या.

तुराटी
@वणी बायपास, दिवा आहे हो, पण तो डिझेलचा नाही. एप्रिल 2020 ला बीएस-6 हा गाड्यांच्या धुराचा नवा नियम आला तेव्हा फोक्सवॅगन गटानं इथं डिझेल इंजिन बंदच केलं. रॅपिडही बंद झाली, तिच्या जागी 2022 ला स्लाव्हिया आली, तीही फक्त पेट्रोल. म्हणजे पऱ्हाटीभाऊ पाहून राहिले त्या दोन्ही गाड्या सारख्याच पोरक्या. एकीची कंपनी गेली, दुसरीचं इंजिन गेलं.

माझ्याकडे इकोस्पोर्ट डिझेल आहे, 2017 ची. 200 मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स आहे. पावसाळ्यात आमच्या पांदण रस्त्यावर चाकोरीच्या मधला उंचवटा गाडीच्या पोटाला घासत नाही. रॅपिड त्याहून बरीच खाली बसते. इंजिनखालचा ऑइलचा चेंबर एकदा दगडावर आपटला की तुमच्या चार वर्षांच्या हिशोबाची वाट लागली. हा खर्च कोणत्याच माहितीपत्रकात नसते.

अर्धा पाना
मी मिस्त्री हाय. दोनी गाड्या माह्या गॅरेजात येतात. कोन्या देशाची हाय हे मी पायत नाई, पयले बेल्ट पायतो.

दोनी डिझेलले टायमिंग बेल्ट हाय, चेन नाई. बेल्ट तुटला तर वॉल्व पिस्टनवर आपटतात आन् हेड खोला लागते. सत्तर-ऐंशी हजार चाललेली गाडी, वर वय सात-आठ वर्षं. बेल्ट बदलल्याचं बिल मागा. बिल नसन तर बदललाच नाई असं समजा आन् तेवढे पैसे भावातून कापा. बेल्ट ताणून धरनारा टेन्शनर संगच बदला. वॉटर पंपही त्याच बेल्टवर फिरते, तोही टाकून घ्या, नाई तर सा महिन्यानं पंप गळला की तेच सारं परत खोला लागन.

इंजिनच्या पार्टचं म्हनाल तर दोनी भेटतात. इकोस्पोर्टचं डिझेल इंजिन फिगो, अस्पायर, फ्रीस्टाइलले होतं. रॅपिडचं पोलो, व्हेंटो, अमिओले. फिल्टर, क्लच, बेअरिंग, ब्रेक पॅड नागपूरहून दुसऱ्या दिवशी ट्रॅव्हल्सच्या डिक्कीत येतात. रडवते ते अंगावरचं सामान. हेडलाइट, बंपर, आरसा, दाराचं हँडल, काच वर करायची मशीन. ते बाहेरच्या कंपन्या बनवत नाई. नवं नाई भेटलं तर दिल्लीच्या मायापुरीतून जुनं मागवा लागते, आन् फोटोत एक अन् खोक्यात दुसरं असं बी होते.

गाडीतला बिघाड वाचते त्या स्कॅनरचंबी सांगतो. फोर्डले लॅपटॉपवर फोरस्कॅन चालते, सस्त्यात काम होते. फोक्सवॅगन गटाले व्हीसीडीएस लागते, त्याची खरी केबल महाग, म्हून लहान गॅरेजवाले ठेवत नाई. इंजेक्टर बदलला तर त्याचा कोड गाडीत टाका लागते. स्कॅनर नसलेला मिस्त्री ते न टाकताच गाडी देते, मंग धूर का मारते म्हून तुमी माह्याकडे येता.

पऱ्हाटी
@अर्धा पाना भाऊ, हे कामाचं सांगितलं. बेल्टचं बिल दोघांनाही मागितलं नव्हतं. आज फोन करतो.

समृद्धीवरचा
भावनेवर बरंच झालं, थोडे आकडे घ्या. 15 हजार किलोमीटर, 18 चा अॅव्हरेज, डिझेल 90 रुपये धरलं तर वर्षाला 75 हजारांचं डिझेल. दुसरी गाडी 16 देत असेल तर 84 हजार. फरक नऊ-साडेनऊ हजारांचा. लोक एवढ्यासाठी रात्र-रात्र भांडतात.

आता घसारा पाहा. साडेपाचला घेतलेली गाडी चार वर्षांनी तीनला गेली तर अडीच लाख गेले. 60 हजार किलोमीटरला भागा, किलोमीटरमागे जवळपास सव्वाचार रुपये. डिझेल पाच रुपये. म्हणजे विकतानाचा भाव हा जवळपास दुसरी डिझेलची टाकी आहे. पाऊण लाख खाली भाव पाडून गाडी घेतली तर अॅव्हरेजचा आख्खा वाद त्यात बुडून जाते. आणि कंपनी निघून गेली हाच भाव पाडायचा सर्वात मोठा मुद्दा. तो विकणाऱ्यालाही माहीत असते, फक्त तुम्ही तोंडानं काढायचा असते.

वणी बायपास
हाच मुद्दा चार वर्षांनी तुमचं गिऱ्हाईक तुमच्यावर काढेल, तेव्हा?

समृद्धीवरचा
काढेलच. पण पडलेल्या भावात घेतलेली गाडी अजून किती पडेल? मोठी घसरण पहिल्या मालकानं खाल्ली.

मोहफूल
मी ब्रह्मपुरीकडे शिक्षिका आहे. तुम्हा सर्वांच्या हिशोबात गाडी उभी राहिलेल्या दिवसांना काही किंमतच नाही.

माझी आधीची गाडी युरोपियन. कंपनीचं नाव लिहीत नाही, त्यावरून इथं वेगळी मारामारी सुरू होईल. चालवायला इतकी सुंदर की अजून आठवण येते. पण गिअरबॉक्सचा एक सेन्सर गेला. पार्ट यायला आठवडे लागले आणि तोवर गाडी नागपूरच्या वर्कशॉपच्या अंगणात धूळ खात. मी रोज शाळेत जायला भाड्याची गाडी केली. सेन्सर स्वस्तच होता हो. टोइंग, भाडं, नागपूरच्या चकरा यांची बेरीज त्याच्या कितीतरी पट झाली. तेव्हापासून मी मजुरी किती हे विचारतच नाही. पार्ट कुठं ठेवलेला आहे आणि गाडी तिथंवर कशी जाईल, एवढं विचारते.

आणि संध्याकाळी जंगलपट्टीत मोबाइलला रेंज नसताना बंद पडलेल्या गाडीत बसून पाहा एकदा. मग अमेरिका-युरोप काही सुचत नाही.

वणी बायपास
@मोहफूल ताई, तुमचा त्रास खरा, पण एक बाजू राहून चालली. गाडी सांभाळायचा खर्च म्हणजे फक्त गॅरेजचं बिल का? 2014 ला ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेनं आपल्याकडची फोक्सवॅगन पोलो आपटून पाहिली. एअरबॅग नसलेलीला शून्य तारे आले, दोन एअरबॅगवालीला चार. त्यानंतर कंपनीनं सर्वच पोलोंना एअरबॅग दिल्या. त्याच गटाच्या कुशाक, टायगुन, स्लाव्हिया, व्हर्टस यांना पाच. हिंगणघाट-पांढरकवडा पट्ट्यात 44 नंबरच्या हायवेवर कंटेनरच्या बाजूनं शंभरनं जाताना जर्मन गाडी हलत नाही. त्याचे पैसे द्यायला मी तयार आहे.

तुराटी
पोलोचे तारे रॅपिडला लावू नका, ती वेगळी गाडी. आणि शंभरनं जायला पऱ्हाटीभाऊंना महिन्यातून दोन दिवस. उरलेले दिवस ते चाळीसच्या वर जातच नाहीत, मधात म्हशी असतात.

खरं विचाराल तर अमेरिकन गाडी आपल्याकडे होती तरी कुठं? टवेरा आठवते ना, ठासून दहा-बारा माणसं भरून बाजाराच्या दिवशी धावणारी? बिल्ला शेवरलेटचा, मूळ गाडी जपानच्या इसुझूची. म्हणूनच ती मरत नव्हती. बीट आखली कोरियात. इकोस्पोर्टवर जास्त काम ब्राझीलमध्ये झालं. जीप कंपास म्हणजे अमेरिकन नाव, पण डिझेल इंजिन फियाटचं आणि गाडी जोडतात रांजणगावला. डस्टरवर बिल्ला फ्रेंच, मुळं रोमानियाच्या डाचियात. भाचा ज्या अमेरिकन गाड्यांबद्दल बोलतो त्यातली एकही घाटंजीच्या रस्त्यावर कधी आली नाही.

अर्धा पाना
@तुराटी भाऊ, फियाटचं नाव काढलं म्हून सांगतो. ते 1.3 मल्टिजेट इटलीचं इंजिन, पन मारुतीनं स्विफ्ट, डिझायरमंदी टाकलं, टाटानं व्हिस्टामंदी टाकलं. चेन हाय त्याले, बेल्ट नाई. युरोपातलं इंजिन, तरी पार्ट किराण्यावानी भेटतात. त्याच इंजिनची लिनिया मातीच्या भावात भेटते. इंजिनची चिंता नाई. पन पुढचा लाइट फुटला तर मंग रडा.

पऱ्हाटी
लिनिया आता डोक्यात घालू नका, आधीच बायको म्हणते, एक गाडी घ्या पण हे मोबाइल पाहणं बंद करा.

विम्याचं कोणी सांगितलं नाही.

समृद्धीवरचा
विम्यात देश नसते, आयडीव्ही असते, म्हणजे विमा कंपनीनं धरलेली गाडीची किंमत. क्लेम करताना प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर निम्मी किंमत घसारा म्हणून कापतात, फायबरवर 30 टक्के, काचेवर काही नाही. आता बंपर म्हणजे प्लास्टिकच, आणि अर्धा पाना सांगतात तसा महाग पार्टही तोच. झिरो डेप, म्हणजे हा घसारा न कापणारा विमा, मिळत असेल तर घ्या, पण एवढ्या जुन्या गाडीला बऱ्याच कंपन्या देत नाहीत. आधी विचारा, मग सौदा करा.

सीमेवरचा
पांढरकवड्याच्या लोकांना एक हमखास मोह असते, हैदराबाद-आदिलाबादकडची गाडी. भाव ऐकून लाळ गळते. पण तेलंगणाची पासिंग म्हणजे एनओसी आणा, इथं नव्यानं नोंदणी करा आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स गाडीच्या वयाप्रमाणे पुन्हा भरा. नव्या डिझेल गाडीला इथं 10 लाखांपर्यंत 13 टक्के दर आहे, जुनीला वयाप्रमाणे कमी होते, तरी रक्कम छोटी नसते. तिकडचा टॅक्स परत मिळवायला चकरा वेगळ्या. तुम्ही पाहिलेल्या दोन्ही नागपूर पासिंगच्या असतील तर हा काटा निघाला.

डांबरी
बोलेरोले हे काहीच नाही लागत.

तुराटी
@डांबरी, बोलेरोलेही टॅक्स लागतो रे बाबा.

मोहफूल
उंदरांचं कोणी बोललं नाही. कापूस घरात आला की नोव्हेंबर ते जानेवारी बोनेटखाली उंदरांचा मुक्काम असते. नव्या गाड्यांत वायरिंगच वायरिंग. आमच्या शेजाऱ्यांच्या गाडीची आख्खी हार्नेस बदलावी लागली, आणि ती गाडी ना अमेरिकन ना युरोपियन. रात्री बोनेट उघडं ठेवून वर बल्ब लावून ठेवतात ते आता. तंबाखूची पानं बांधून पाहिली, उंदीर ती बाजूला सारून वायर खातात.

वणी बायपास
ठीक आहे, पार्टच्या बाबतीत मी रॅपिडची बाजू सोडतो. पण इकोस्पोर्ट घ्यायची तर बाहेरचा एक आरसा, पुढचा एक लाइट आणि दाराचं एक हँडल मिळेल तेव्हा आत्ताच घेऊन घरी ठेवा. दोन वर्षांनी शोधत बसू नका. आणि हायवेवर ती रॅपिडसारखी बसत नाही, हे मी म्हणणारच.

पऱ्हाटी
फोन झाले. रॅपिडवाल्याकडे बेल्टचं बिल आहे, पंपासकट. इकोस्पोर्टवाला म्हणते बदलला, पण बिल हरवलं. भाव विचारला तर पाच वीसपर्यंत आला. मी चार ऐंशी म्हटलं, त्यानं फोन ठेवला. दहा मिनिटांनी परत आला, रविवारी या म्हणाला.

@अर्धा पाना भाऊ, येता का रविवारी? पेट्रोल-पाणी, जेवण माझ्याकडून.

अर्धा पाना
येतो. पन त्याले आजच सांगून ठेवा, आमी आल्याबिगर गाडी चालू करायची नाई. मी बोनेटवर हात ठेवून पायन. गरम लागली तर चाबी बी हातात घेनार नाई. थंड गाडी चालू झाली, धूर पाह्यला, की मंग डिझेल फिल्टरच्या खालचा बोल्ट ढिला करून पानी निंगते का ते पायतो. गावात कॅनमधलं डिझेल टाकलेली असन तर तिथंच दिसते. लॅपटॉप घेऊन येतो, तुमी फक्त एक टॉर्च अन् जुनं पोतं आना, खाली झोपून चेंबर पाहा लागन.