मदत हवी आहे : पीकहानीची भरपाई एकाच सर्व्हे नंबरची आली

बेळगावच्या बळ्ळारी नाल्याचं पाणी शिरून आमचं भात कुजलं. दोन सर्व्हे नंबर लागून आहेत, दोन्ही उतारे वडिलांच्या नावावर. वडील हयात आहेत, वारसाची भानगड नाही. पाहणीला आलेल्यांनी दोन्ही शेतांत उभं राहून मोबाईलवर फोटो घेतले होते. तरी पैसे एकाच नंबरचे जमा झाले. भरपाई हेक्टरी ठरलेली, तीही 2 हेक्टरपर्यंतच. त्यात निम्मी जमीन गळाली तर हातात काय येणार?

कर्नाटक सरकारच्या परिहार (नुकसानभरपाई) पोर्टलवर आधार नंबर टाकून बघितलं, तिथेही एकच नंबर दिसतो. आधार बँकेला जोडलेलं आहे, त्यामुळे तो प्रश्न नाही. फ्रूट्सचा (सरकारी शेतकरी नोंदणीचा) एफआयडी, म्हणजे शेतकरी ओळख क्रमांक काढलाय, पण दुसरा सर्व्हे नंबर त्यात चढलेलाच नाही, बहुतेक घोळ तिथेच आहे. तलाठी म्हणतात रयत संपर्क केंद्रात (कृषी खात्याच्या) जा, केंद्रवाले म्हणतात तलाठ्यांकडून घ्या. कन्नड अर्ज शेजारचा मुलगा लिहून देईल, ती अडचण नाही.

एफआयडीत तो नंबर आता चढवला तर याच हंगामाची राहिलेली भरपाई मिळते का, की फक्त पुढच्या वेळेपासून? आणि तक्रार अर्ज नाडकचेरीत (होबळीच्या महसूल कार्यालयात) द्यायचा की थेट तहसीलदारांकडे? बेळगाव-खानापूर भागात कुणाची अशी राहिलेली रक्कम नंतर जमा झाली आहे का?