मदत हवी आहे : हप्ता न घेणाऱ्या पोलिसाच्या चित्रपटाचे नाव

रात्रपाळी : फार वर्षांपूर्वी व्हिडिओ कॅसेटवर पाहिलेल्या एका चित्रपटाचे नाव मला आज रात्रीपर्यंत हवे आहे, कारण आमच्या चित्रपट मंडळाची सूची उद्या सकाळी छापायला जाणार आहे. नायक पोलीस आहे, तो हप्त्यातला वाटा घेत नाही आणि म्हणून खात्यातलीच माणसे त्याच्यावर उलटतात. गूगलवर शोधून झाले आहे.

प्रभातफेरी : 'अर्धसत्य', १९८३. श्री. दा. पानवलकरांची 'सूर्य' ही कथा, तेंडुलकरांची पटकथा, निहलानींचे दिग्दर्शन. मराठी माणसाला हे विचारावे लागावे याचे नवल वाटते.

रात्रपाळी : 'अर्धसत्य' मला तोंडपाठ आहे. तो नव्हे.

विनया_ना : मग भाषा तरी सांगा. नायकाचे शेवटी काय होते?

रात्रपाळी : इंग्रजी, ते मी लिहिले आहे असेच समजत होतो. नायक मरत नाही.

कोपऱ्यातली खुर्ची : इंग्रजी म्हणजे निःसंशय 'एल. ए. कॉन्फिडेन्शियल', १९९७. पन्नाशीच्या दशकातल्या लॉस एंजेलिसमधले पोलीस इतक्या बारकाईने दुसऱ्या कोणी रंगवलेले नाहीत. मी तो पाच वेळा पाहिला आहे.

विनया_ना : पाच वेळा पाहूनही त्यात तीन पोलीस आहेत हे आपल्या लक्षात राहिले नाही का? येथे एकट्या पडलेल्या एकाची गोष्ट विचारली आहे. रात्रपाळी, तो दिसायला कसा होता?

रात्रपाळी : दाढीवाला, अंगावर बहुधा साधे कपडे, सोबत मोठा केसाळ कुत्रा. एका छाप्यात तो दारात अडकतो आणि त्याच्या तोंडावर गोळी झाडली जाते, तेव्हा बरोबरचे पोलीस मागे नुसते उभे असतात.

जुना प्रोजेक्टर : दाढी आणि कुत्रा पहिल्याच ओळीत सांगितले असते तर एवढी चर्चा वाचली असती. 'सर्पिको', १९७३, दिग्दर्शक सिडनी ल्युमेट आणि नायक अल पचिनो. न्यूयॉर्कच्या फ्रँक सर्पिकोची ही खरी हकीकत आहे : वरिष्ठांकडे तक्रारी करून काही होईना, तेव्हा प्रकरण वर्तमानपत्रात गेले, १९७० मध्ये महापौरांना पोलिसांतल्या लाचखोरीच्या चौकशीसाठी नॅप आयोग नेमावा लागला आणि ३ फेब्रुवारी १९७१ रोजी ब्रुकलिनमध्ये त्याला गोळी लागली. समोर आले तेवढे मुकाट्याने घेणारे 'गवत खाणारे' आणि सावज हेरून वसुली करणारे 'मांस खाणारे', अशी लाचखोर पोलिसांची विभागणी याच आयोगाने केली. पचिनोची वाढलेली दाढी टप्प्याटप्प्याने कमी करता यावी म्हणून चित्रीकरण उलट्या क्रमाने झाले होते.

प्रभातफेरी : तरीही माझ्या मते 'अर्धसत्य' अधिक खोल जातो. सर्पिको स्वतः स्वच्छ राहतो, त्यामुळे प्रेक्षकही निर्धास्त राहतो. 'अर्धसत्य'मधल्या पोलीस अधिकारी वेलणकराच्या हातून मात्र कोठडीतला संशयित मरतो आणि त्यातून सुटण्यासाठी त्याला ज्याच्याविरुद्ध लढायचे आहे त्या गुंड रामा शेट्टीच्याच दारी जावे लागते.

जुना प्रोजेक्टर : निर्धास्त? पोलीस डिटेक्टिव्हचा सोनेरी बिल्ला सर्पिकोला रुग्णालयात आणून दिला जातो आणि तो तो नाकारतो, हा प्रसंग पुन्हा पाहा.

कोपऱ्यातली खुर्ची : जाहीर प्रदर्शनासाठी हक्क घ्यावे लागतात, हे मंडळाला ठाऊक असेलच.

रात्रपाळी : 'सर्पिको'च. हक्कांविषयी कोणीही विचारले नव्हते. छापखान्यासाठी आता एवढेच सांगा : 'ल्युमेट' की 'लुमेट'?