नवऱ्याची सही लागत नाही

बेळगावजवळच्या खानापूरच्या एका ताईंनी लिहिलंय की गर्भपाताच्या गोळ्या देण्याआधी दवाखान्यात नवऱ्याची सही मागितली. कायद्यात असं काही नाही हो! बाई अठरा वर्षांवरची असेल तर तिची एकटीची संमती पुरते. लग्न झालेलं नसलं तरी अडवता येत नाही. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयानं २० ते २४ आठवड्यांच्या गर्भपाताच्या तरतुदीतूनही अविवाहितांना वगळता येणार नाही असं सांगितलं.

माझ्या मावसबहिणीला एका मेडिकलवाल्यानं चिठ्ठीशिवाय गोळ्या कागदात गुंडाळून दिल्या, तेही दुप्पट पैसे घेऊन. कुठली आधी, कुठली नंतर, काही सांगितलं नाही. आधी मिफेप्रिस्टोन, मग एक-दोन दिवसांनी मिसोप्रोस्टॉल, असा क्रम असतो. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून ९ आठवड्यांपर्यंत त्या देता येतात. गर्भ गर्भाशयाबाहेर, नळीत असेल तर या गोळ्यांनी काम होत नाही आणि जीवावर बेतू शकतं, म्हणून आधी डॉक्टरांना दाखवायचं. पोटात कळा आणि रक्तस्राव होणारच. पण तासाला दोन पॅड पूर्ण भिजताहेत आणि सलग दोन तास तसंच चाललंय, तर रिक्षा बोलवा, सकाळची वाट बघू नका.

आमच्याकडची, कर्नाटकातली, आणखी एक अडचण म्हणजे दवाखान्यातले कागद कन्नडमध्ये. सही करण्याआधी नर्सबाईंकडून मराठीत समजून घ्या. बहिणीबरोबर मी गेले होते, निम्मी भीती तिथंच गेली. नाव गुप्त ठेवणं डॉक्टरांवर कायद्यानं बंधनकारक आहे, तेव्हा गावात कळेल म्हणून पलीकडे महाराष्ट्रात चंदगड-गडहिंग्लजपर्यंत पळायची गरज नाही.