नागपूरभोवतीच्या हिवाळी पायवाटा : आपले अनुभव लिहा

पळसपान : परवा पहाटे अंबाझरीच्या जैवविविधता उद्यानात फिरून आलो आणि घरी मोज्यांत रुतलेली कुसळे एकेक करून उपटताना आजोबांबरोबर कन्हानच्या पात्रात केलेली भटकंती आठवली. पावसाळा सरल्यावर नदी एका अंगाला सरकायची आणि उघड्या पडलेल्या वाळूत डांगरवाड्या, म्हणजे टरबूज-खरबुजांचे मळे, लागायच्या. आम्ही त्यांच्या कडेकडेने तासन्‌तास चालत असू. आपल्यापैकी ज्यांनी थंडीत नदीकाठ किंवा रान पायी पालथे घातले असेल, त्यांनी येथे अवश्य लिहावे. सफारीची वर्णने मात्र नकोत, कारण जिप्सीतून खाली उतरता येत नाही.

झिरा : वाळूत लांब चर खणून त्यात शेणखत भरायचे, वेल लावायचे आणि शेजारच्या झिऱ्यातून, म्हणजे वाळूत खणलेल्या पाण्याच्या खड्ड्यातून, पाणी आणून घालायचे, ही कामे मी वाडीवर राहून पाहिली आहेत. झिऱ्याचे पाणी वरवर गढूळ दिसले, तरी दोन-चार ओंजळी उपसून टाकल्यावर नितळ येते. आता वाळूच्या उपशामुळे पात्रात खोल खड्डे पडले आहेत, म्हणून अनोळखी ठिकाणी कोणीही पाण्यात उतरू नये.

उपराजधानीकर : नदीकाठ म्हणजे शहरातला नाग नदीचा काठ नव्हे ना? तसे असल्यास नाकाला लावायचा रुमाल मी पुरवीन.

झिरा : भाऊ, एक रुमाल पुरणार नाही!

सागवान : २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपूरचे किमान तापमान ३.५ अंशांपर्यंत उतरले होते, त्या सकाळी आम्ही सेमिनरी हिल्सवर होतो. गवतावरचे दव बोटांना झोंबत होते आणि नेहमीची मंडळी कानटोप्यांमुळे ओळखू येत नव्हती. तरीही मला डिसेंबरपेक्षा जानेवारीअखेरची वाट अधिक आवडते, कारण तोवर सागाची मोठी पाने गळू लागतात आणि एखादी खार पळाली तरी कोणी माणूस येत असल्याचा भास होतो.

देवलापारकडचा : आमच्या रानात याच दिवसांत कांडोळ उठून दिसतो. पाने झडल्यावर त्याचे पांढुरके, कागदासारखी साल सुटणारे खोड चांदण्यात असे काही दिसते की, त्याला भुताचे झाड का म्हणतात हे वेगळे सांगावे लागत नाही. लहानपणी आम्ही तेथून रामनाम घेत पळत असू.

दोनप्रहर : आंभोऱ्याचे कोणीच लिहिले नाही, याचे नवल वाटते. कन्हान तेथे वैनगंगेला मिळते. गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यामुळे पाणी दूरवर पसरलेले असते आणि चैतन्येश्वराच्या दर्शनानंतर टेकडीवरून ते सारे एका नजरेत येते.

लेकुरवाळी : आईचे गुडघे दुखतात, परंतु तिला झाडीत चालायची फार हौस आहे. गोरेवाड्याला न्यावे काय?

सागवान : ताई, गोरेवाड्याच्या राखीव जंगलात बिबटे आहेत, त्यामुळे तेथे आपल्या मनाने पायी शिरणे योग्य नाही. अंबाझरीच्या उद्यानातील रुंद, बऱ्याच अंशी सपाट रस्ता त्यांना सोयीचा पडेल. ऊन थोडे वर आल्यावर निघा आणि गवतात शिरायचे टाळा, म्हणजे कुसळे काढत बसावे लागणार नाही.

लेकुरवाळी : आभारी आहे, दादा. रविवारी तर्री-पोहे खाऊन तिकडेच जाऊ.

उपराजधानीकर : पोहे परतताना खा, ताई, तर्रीनंतर चालणे होत नाही.