ब्लॅकस्टार: आधी वादक ऐका

ब्रिटिश रॉक गायक डेव्हिड बोवी गेला म्हणून त्याचा 'ब्लॅकस्टार' हा अल्बम डोक्यावर घेतला गेला, असं या चर्चेत कोणी म्हटलंय; ते मत पटत नाही. अल्बम आला 8 जानेवारी 2016 ला, त्याच्या 69व्या वाढदिवशी. तो गेला 10 तारखेला. भरभरून कौतुक करणारी परीक्षणं तोवर छापूनही आली होती आणि लिहिणाऱ्यांना त्याच्या कर्करोगाचा पत्ता नव्हता. बातमीनंतर गाण्यांच्या शब्दांना वेगळा अर्थ आला, एवढं मात्र मान्य.

या चर्चेत वादकांबद्दल अजून कोणीच बोललेलं नाही, आणि माझ्या मते या अल्बमचा जीव तिथेच आहे. संगीतकार मारिया श्नायडरने सुचवलं म्हणून 2014 मध्ये बोवी न्यूयॉर्कच्या '55 बार' या छोट्याशा जॅझ क्लबात सॅक्सोफोनवादक डॉनी मॅकॅस्लिनला ऐकायला गेला, आणि पुढच्या वर्षी नेहमीच्या रॉकवाल्यांना बाजूला ठेवून मॅकॅस्लिनच्याच संचाला घेऊन स्टुडिओत शिरला. इतकं नाव कमावल्यावर 68व्या वर्षी असं करायला छाती लागते! शीर्षकगीत एकदा फक्त मार्क जुलियानाच्या ड्रम्सकडे कान लावून ऐका. सुरुवातीला तुटक, अस्वस्थ ठोके पडत राहतात, मग मधेच ताल विरून जातो आणि त्याच गाण्यातून भलतंच संथ, आर्त असं दुसरं गाणं वर येतं. मुळात ते 11 मिनिटांच्याही पुढे जात होतं. आयट्यून्सवर, म्हणजे ॲपलच्या ऑनलाइन संगीत दुकानात, दहा मिनिटांवरचं गाणं सुटं विकता येत नसे, म्हणून ते 9 मिनिटं 57 सेकंदांवर आणलं, असं निर्माता टोनी विस्कॉन्टीने सांगितलं आहे.